मादाम नीट जेवल्या

लामाराला फ्रेंचमध्ये "टाचेची कातडी लाल झाली आहे" असं म्हणता येत होतं, पण "झोपाळा" म्हणता येत नव्हतं. मंगळवारी संध्याकाळी साडेसहाच्या वर्गात फायोल सरांनी एका बागेचं चित्र दाखवलं आणि प्रत्येकाला एकेक वाक्य बोलायला सांगितलं. बागेत पतंग होता, कारंजं होतं, झोपाळा होता आणि बाकावर एक म्हातारी बसली होती. लामारा बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "बाईंचे पाय सुजले आहेत."

वर्ग हसला. फायोल सरांनी चष्मा कपाळावर चढवून चित्र जवळ धरलं. चित्रकाराने खरोखरच पाय जाड काढले होते. सर म्हणाले, वाक्य बिनचूक आहे, पुढे चला.

मी तिच्या शेजारी बसायचो. फ्रान्समधल्या सेंत-एतिएनला मला तेव्हा दीड वर्ष झालं होतं, आता सात होतील. मी कारखान्यांतून यंत्रांची कंपनं मोजत फिरतो. माझी फ्रेंच बोल्ट आणि बेअरिंगांची होती, तिची आजारी माणसांची. एकाच शहरात राहून आम्ही दोन वेगळ्या भाषा शिकत होतो म्हणा ना. मधल्या सुट्टीत कॉफी पिताना आणि नंतर टेकडीवर जाणाऱ्या ट्रामची वाट बघताना तिने मला जे सांगितलं, त्यातून हे लिहितो आहे. काही गोष्टी मारिलिनकडून नंतर कळल्या. मारिलिन ही लामाराची वरिष्ठ.

लामारा तेव्हा त्रेपन्न वर्षांची होती. जॉर्जियात, रुस्तावी गावच्या पोलाद कारखान्यात तिने बावीस वर्षं क्रेन चालवली. छताजवळच्या काचेच्या खोलीत बसून खालचा वितळलेला रस एका भांड्यातून दुसऱ्यात न्यायचा. कारखान्याचा तो भाग बंद पडला, नवरा आधीच गेला होता, मग बहिणीच्या मागोमाग ती इथे आली. इथे क्रेन कोण देणार? म्हाताऱ्या माणसांच्या घरी मदतनीस पाठवणाऱ्या एका संस्थेत ती लागली. दिवसाला सहा घरं. सेंत-एतिएन टेकड्यांवर वसलंय आणि जुन्या इमारतींना लिफ्ट नाही, म्हणजे सहा घरांचे सहा जिने. वर्गात ती साडेसातपर्यंत टिकायची, मग तिची हनुवटी हळूहळू छातीवर यायची. फायोल सर तिला उठवत नसत. ते आवाज थोडा उतरवून पुढचा काळ शिकवत.

तिला राहण्याचा परवाना दरवर्षी नवा करावा लागे, आणि त्यासाठी नोकरीचा कागद लागे. वर्गात आम्ही बहुतेक सगळे असेच होतो.

भाषेतलं तिला काय जड जाई आणि काय हलकं, याचा काही नेम नव्हता. फ्रेंच लोक नव्वदला "चार विसा दहा" म्हणतात. आम्ही सगळे तिथे अडखळायचो. पोर्तुगीज गवंडी तर टेबलावर डोकं टेकायचा. लामारा मात्र पहिल्याच दिवशी बिनघोर बोलून गेली, कारण जॉर्जियनमध्येही नव्वद म्हणजे चार विसा नि दहाच. मी तिला सांगितलं की माझी आजी आंबे असेच मोजायची. "मग अडचण कुठे आहे?" ती म्हणाली. अडचण तो आणि ती यांत होती. तिच्या भाषेत बाई, पुरुष, टेबल, ढग सगळ्यांना एकच सर्वनाम. इथे साधी खुर्ची बाई आणि हातांची खुर्ची पुरुष. मला मराठीमुळे निदान ही कल्पना तरी नवी नव्हती. तिला वाटायचं, कुणीतरी मुद्दाम आपली फजिती करायला हे रचलंय.

तिची खरी शाळा म्हणजे वह्या. मदतनीस जाते त्या प्रत्येक घरात स्वयंपाकघराच्या टेबलावर एक वही असते. मदतनीस, नर्स, व्यायाम करून घेणारा, डॉक्टर, मुलगा, सून, जो येईल त्याने आत काय पाहिलं ते तारीख घालून लिहायचं आणि आधीच्याचं वाचायचं. नोकरीच्या पहिल्या दिवशी मारिलिनने रबरी हातमोज्यांच्या खोक्यावर तिला तीन वाक्यं लिहून दिली. मादाम नीट जेवल्या. मन प्रसन्न. कळवण्यासारखं काही नाही. तिसऱ्याची तर नुसती तीन अक्षरं लिहिली तरी चालतात, सगळे तसंच लिहितात. मारिलिन म्हणाली, सुरुवातीला एवढं पुरे, बाकीचं येईल हळूहळू.

आणि येतही होतं. नर्सच्या मुंग्यांसारख्या अक्षरातून तिने औषधांचे शब्द काढले, व्यायामवाल्याच्या मोठ्या अक्षरातून गुडघा, घोटा, पाठीचा कणा. खिशात एक छोटी डायरी होती, तिच्यात ती शब्द उतरवून घ्यायची आणि ट्राममध्ये पाठ करायची. झोपाळा कुणाच्याच वहीत नव्हता.

मादाम पेरारचं घर तिच्या यादीत दोनदा यायचं, सकाळी आठ ते नऊ आणि दुपारी अर्धा तास. चौथा मजला. मादाम पेरार अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या, आयुष्यभर रिबिनीच्या गिरणीत काम केलेल्या, आवाज खणखणीत, कारण मागांच्या खडखडाटात ज्यांनी गप्पा मारल्या त्यांना हळू बोलता येत नाही. लामाराला त्या पहिल्या आठवड्यापासून "पोरी" म्हणत. लामाराने सुरुवातीला त्यांच्याबद्दल वहीत आठवडाभर पुल्लिंगी लिहिलं होतं. मादामनी भिंगातून ते वाचलं आणि म्हणाल्या, "माझा नवरा परत आला की काय? त्याला सांग, खोली भाड्याने दिली."

त्या तिला बोलायला शिकवत. लामारा भांडी घासताना त्या खुर्चीत बसून एकेक वस्तू उचलत आणि नाव ओरडत. झारा. चाळण. बटाटे किसायची किसणी. बटाट्याचं किसून केलेलं धिरडं कसं करायचं ते त्यांनी लामाराला इतक्यांदा सांगितलं की तिने एकदा वर्गात ती कृती न अडखळता म्हणून दाखवली. वसंतात रानात मिळणाऱ्या एका कडू पाल्याचं नाव तिने मादामकडून उचललं. फायोल सर म्हणाले, हा शब्द फक्त आपल्या गावचा, परीक्षेत म्हणू नका. ती मला म्हणाली, परीक्षेत पाला कोण मागणार आहे?

मादामना झील नावाचा एकच मुलगा, तो पश्चिमेला नांतमध्ये असतो, साठीचा, नकाशे काढणाऱ्या सरकारी खात्यातून नुकताच निवृत्त झालेला. दीड-दोन महिन्यांनी एका रविवारी यायचा. मादाम त्याच्याबद्दल अभिमानाने बोलत. गिरणीतून आल्यावर रोज संध्याकाळी याच टेबलावर त्यांनी त्याला श्रुतलेखन घातलं होतं. प्रत्येक चूक दहादा लिहायची. त्यांच्या काळी शाळा सोडतानाच्या परीक्षेत श्रुतलेखनात पाच चुका झाल्या की मूल नापास. मादामच्या दोन झाल्या होत्या. त्या कोणत्या, हे पाऊणशे वर्षांनंतरही त्यांना पाठ होतं.

जूनमध्ये एका सकाळी मादाम न्हाणीघरातून बाहेर येताना घसरून पडल्या. फार लागलं नाही, कमरेवर हाताएवढा काळानिळा डाग उठला. लामाराने त्यांना उठवलं, सुकवलं, कपडे घातले, आणि मग वहीपुढे बसली. तीन वाक्यांत हे बसत नव्हतं. तिने पहिल्यांदा स्वतःच्या डोक्याने चार ओळी लिहिल्या. वीस मिनिटं लागली. ट्राम चुकली आणि पुढच्या घरच्या म्हाताऱ्याची बोलणी खावी लागली. पण ट्रामच्या थांब्यावर उभी असताना तिला आत कुठेतरी बरं वाटत होतं, असं ती म्हणाली.

त्या रविवारी झील येऊन गेला. सोमवारी लामाराने वही उघडली तर तिच्या चार ओळींवर लाल शाई होती. सात दुरुस्त्या, दोन बाण, आणि समासात सुबक अक्षरात लिहिलेलं, "क्रियापदांकडे लक्ष द्यावे. प्रयत्न चांगला." पडण्याबद्दल एक अक्षर नव्हतं. आईला त्याने विचारलं होतं, आणि मादाम म्हणाल्या होत्या की पडले कसली, पाय सरकला, ही बाई वाढवून लिहिते.

लामाराने त्या पानाचा फोटो मला दाखवला. ती रागावली नव्हती. दुरुस्त्या बरोबर आहेत का, एवढंच तिने विचारलं. बरोबर होत्या. इथे मलाही लोक रांगेत उभं असताना दुरुस्त करतात. पाव विकणारी बाई आधी माझ्या शब्दाचं लिंग सुधारते, मग पाव देते. ती हे प्रेमाने करते, हे समजायला मला तीन वर्षं लागली. लामाराला तेवढा वेळ नव्हता. तिने फोन खिशात ठेवला आणि म्हणाली, "क्रेनवर मला कुणी विचारलं नाही बोलतेस कशी. भांडं कुठे ठेवलंस एवढंच बघायचे."

दुसऱ्या दिवसापासून तिने तीनच वाक्यं लिहायला सुरुवात केली. तीन वाक्यांत चूक होत नाही. सप्टेंबरमध्ये मारिलिन वह्या तपासायला आली तेव्हा तिने तिचं कौतुक केलं की वही आता कशी स्वच्छ असते.

ऑक्टोबरपासून मादाम उतरू लागल्या. सूप ताटलीतून नाहीसं व्हायचं, पण चमचा कोरडा असायचा. लामाराला एकदा खिडकीतल्या कुंडीत मांसाचे तुकडे सापडले, एकदा झग्याच्या खिशात पाव. स्कर्ट कमरेला सैल झाला म्हणून मादामनी तिथे एक पिन लावली. नाताळपर्यंत ती पिन चार वेळा आत सरकली. नोव्हेंबरात त्या पडल्या, डिसेंबरात पुन्हा पडल्या. एकदा गॅस उघडा राहिला. कपडे बदलायचे श्रम नकोत म्हणून त्या संध्याकाळी कोट घालूनच खुर्चीत बसून राहायच्या आणि सकाळी लामारा येई तेव्हाही तशाच असायच्या.

आणि वहीत रोज लिहिलेलं असायचं, मादाम नीट जेवल्या. मन प्रसन्न. कळवण्यासारखं काही नाही.

मी हे वाचून नाक मुरडणार नाही. आमच्या धंद्यात यंत्रामागे तापमानाचा तक्ता टांगलेला असतो. पाळी संपताना दमलेला माणूस वरच्या रकान्यात बासष्ट बघतो आणि खाली बासष्ट लिहितो. मीही लिहिलेलं आहे.

पण तक्ता लिहिणारा माणूस यंत्राला तेल घालत नाही, लामारा घालत होती. ती रोज पंधरा मिनिटं जास्त थांबायची, कुणाला न सांगता. सूप दाट करायची, त्यात अंडं फोडायची. रविवारी तिला सुट्टी असे, तरी वर जाऊन यायची. तिने मारिलिनला एकदा फोनही केला होता. फोनवरची फ्रेंच तिला फार कठीण जाई, कारण माणसाचं तोंड दिसत नाही. मारिलिन गाडी चालवत होती. ती म्हणाली, "वहीत लिहून ठेव गं, मी बघते." मारिलिनकडे अशी ऐंशी घरं होती.

फेब्रुवारीत जिल्ह्याच्या कार्यालयाचं पत्र आलं. म्हाताऱ्यांना मदतीचे किती तास द्यायचे हे ते कार्यालय ठरवतं, आणि तपासणीसाठी बाई घरी येणार होती. झीलने फोनवर आईला स्पष्ट सांगितलं होतं. संध्याकाळी कुणी येत नसेल तर तू एकटी राहू शकत नाहीस. तास वाढले तर ठीक, नाहीतर नांतच्या वृद्धाश्रमात त्याने नाव घालून ठेवलं होतं. मादामनी तो आश्रम एकदा पाहिला होता. त्या लामाराला म्हणाल्या की तिथे सहा वाजता रात्रीचं जेवण देतात आणि बायकांना खुर्च्यांवर ओळीने मांडून ठेवतात, लोणच्याच्या बरण्यांसारखं. मग म्हणाल्या, "मी या जिन्यावरून कायमची उतरेन ती एकदाच, पोरी, आणि तेव्हा मला दुसरे उचलतील."

तपासणी गुरुवारी दहाला होती. लामारा सकाळी पोहोचली तेव्हा मादाम सहापासून तयार होत्या. केस बसवलेले, ओठांना लाली, छातीवर रुपेरी फूल. कोट खुंटीवर टांगलेला. कार्यालयाची बाई आली, पन्नाशीची, धापा टाकत, हातात जाड फाइल. मागोमाग मारिलिन. मादामनी कुणाला उठू दिलं नाही. कॉफी स्वतः केली, कप स्वतः आणले, एक थेंब सांडला नाही. लामारा म्हणाली की त्यांच्या गुडघ्यांकडे बघताना तिला क्रेनच्या दोरांची आठवण येत होती, इतके ते ताणलेले होते.

बाईने प्रश्न विचारले. कपडे स्वतः घालता? घालते. न्हाणीघरात एकट्या जाता? मग कुणाबरोबर जाऊ? जेवण? भरपूर. बाई हसली. तिने वही ओढली, चार महिने उलटून पाहिले आणि म्हणाली की सगळं छानच दिसतंय, या वयात अशी वही क्वचित बघायला मिळते. आहेत ते तास पुरेसे आहेत, दुपारचा अर्धा तासही कदाचित लागणार नाही.

मादाम खूश झाल्या. परीक्षेत उत्तीर्ण झाल्यासारखा त्यांचा चेहरा फुलला. या उत्तीर्ण होण्याचा अर्थ नांत आहे, हे त्या क्षणी त्या विसरल्या होत्या. लामारा विसरली नव्हती. बाई फाइल बंद करत होती.

"मादाम जेवत नाहीत," लामारा म्हणाली. "वही खोटी आहे. मी लिहिली."

मारिलिनने कप खाली ठेवला. बाईने विचारलं, "कधीपासून?"

"ऑक्टोबर. दोनदा पडल्या. गॅस एकदा. स्कर्ट चार वेळा आत घेतला."

मादाम पेरार ताठ झाल्या. त्या लामाराकडे न बघता बाईला म्हणाल्या, "ही जॉर्जियाची आहे. हिला फ्रेंच येत नाही."

"कमी येते," लामारा म्हणाली, आणि सांगत राहिली. तारखा तिला पाठ होत्या. कोणत्या बाजूला पडल्या, डाग केवढा, कोणत्या दिवशी किती चमचे. क्रियापदं जशी येतील तशी येत होती, पण शरीराच्या एकाही भागाचं नाव चुकलं नाही. शेवटी तिचे शब्द संपले, तेव्हा ती उठली आणि कप धुवायला लागली.

कार्यालयाच्या बाईने घड्याळ पाहिलं. मग म्हणाली की तिला त्या दिवशी अजून पाच घरं करायची आहेत. तोंडी ऐकलेलं फाइलमध्ये जात नाही, फाइलमध्ये कागद जातो, आणि चार महिन्यांचा कागद सांगतो की सगळं छान आहे. "पुढच्या गुरुवारी परत येते. तोवर रोज दिसेल ते लिहा. दिसेल तेवढंच, पण सगळं."

जिन्यात मारिलिन थांबली. ती वाईट बाई नाही, मी तिला ओळखतो. म्हणाली, "ती तीन वाक्यं मी तुला शिकवली, लामारा. पण खाली सही तुझी आहे. मला हे वर कळवावं लागेल." लामाराने मान हलवली. परवान्याची तारीख एप्रिलमध्ये होती.

पुढचा आठवडा तिने लिहिलं. मंगळवारी वर्गात ती नेहमीसारखी झोपली नाही. सुट्टीत तिने फोन काढून तीन दिवसांच्या नोंदी फायोल सरांना दाखवल्या, नाव झाकून. सरांनी वाचता वाचता सवयीने खिशातली पेन्सिल काढली आणि कागद मागितला. लामाराने फोनवर तळहात ठेवला.

"दुरुस्त नको," ती म्हणाली. "समजतं का?"

"समजतं. पण इथे हे असं..."

"सगळं समजतं?"

सरांनी पुन्हा वाचलं. ते चाळीस वर्षं शाळेत मास्तर होते. चूक बघून पेन्सिल परत खिशात घालायला त्यांना किती कष्ट पडले ते मी पाहिलंय. "सगळं समजतं," ते म्हणाले.

"मग पुरे. बरोबर लिहिलं तर विचारतील, कुणी लिहिलं."

इकडे मादामनी बोलणं टाकलं होतं. "पोरी" बंद झालं, "मादाम लामारा" सुरू झालं, तेही फक्त "दार लावून घ्या" असं सांगण्यापुरतं. भांड्यांची नावं ओरडणं थांबलं. लामारा भांडी घासताना घरात पाण्याचा आवाज तेवढा असायचा. पण लिहून झालं की ती मादामसमोर उभी राहून ते मोठ्याने वाचून दाखवायची आणि विचारायची, खरं आहे का? ही कल्पना तिची. मादाम खिडकीबाहेर बघत. शुक्रवारी असंच झालं, शनिवारी असंच, सोमवारी आणि मंगळवारीही. बुधवारी दुपारी तिने वाचलं, "सूप तीन चमचे घेतलं, बाकी ठेवलं."

"दोन," मादाम खिडकीकडे बघत म्हणाल्या.

लामाराने तीन खोडून दोन केले. पुढे वाचलं, "सकाळी खुर्चीतून उठताना मदत लागली."

"रात्रीही लागली असती. तू नव्हतीस." मग म्हणाल्या, "तेही लिही. कोटात झोपले ते लिही."

लामाराने लिहिलं. त्या दिवशीही ट्राम चुकली.

झीलला मारिलिनने फोन केला होता. तो गुरुवारी सकाळच्या गाडीने आला आणि कार्यालयाच्या बाईच्या आधी पोहोचला. त्याने कोट न काढता उभ्याउभ्याच वही वाचली. सात पानं होती, आणि लामाराच्या म्हणण्याप्रमाणे एका पानात दहा तरी चुका असतील. त्याने आईला विचारलं, हे खरं आहे का.

"तिने तीन चमचे लिहिले होते," मादाम म्हणाल्या. "मी दोन करवले."

झील खुर्चीत बसला. नंतर त्याने लामाराला जवळ बोलावून एका शब्दावर बोट ठेवलं आणि हा कोणता शब्द आहे म्हणून विचारलं. तिने सांगितलं. ज्या हाडावर माणूस बसतो त्याच्या वरची कातडी, जी फार वेळ बसलं की फाटते. हा शब्द त्याला माहीत नव्हता. कार्यालयाची बाई येईपर्यंत तो तसाच बसून होता.

तीन आठवड्यांनी निकाल आला. संध्याकाळचा एक तास मंजूर, दुपारचा अर्ध्याचा एक. नांतच्या यादीतून नाव काढलं. संस्थेचंही पत्र आलं, लामाराच्या नावाने. खोट्या नोंदींबद्दल लेखी समज, आणि त्या घरावरून बदली. नोकरी राहिली, म्हणजे एप्रिलचा कागद मिळणार होता. पत्रात एक लांबलचक वाक्य होतं, ते तिने मला ट्रामच्या थांब्यावर वाचायला लावलं. मलाही ते दोनदा वाचावं लागलं. "म्हणजे काढलं की नाही?" तिने विचारलं. नाही काढलं, मी म्हणालो. तिने ते पत्र घडी करून डायरीत ठेवलं आणि बाकावर बसून बूट सैल केले. ट्रामला अजून नऊ मिनिटं होती. त्या वेळात ती झोपलीसुद्धा.

मादाम पेरारकडे तिचा शेवटचा दिवस शुक्रवार होता. तिने बटाट्याची धिरडी केली. मादामनी एक खाल्लं, दुसऱ्याची कड कुरतडली. लामाराने तसंच लिहिलं आणि वाचून दाखवलं. मग सोमवारपासून दुसरी बाई येणार असल्याचं सांगितलं. मादामना ते आधीच कळलं होतं, झीलने फोनवर सांगितलं होतं, पण त्यांनी मुद्दाम विचारलं.

"कुठली आहे?"

"मालीची. कादिदिया नाव."

"फ्रेंच येते तिला?"

"माझ्यापेक्षा चांगली. शाळेत शिकली आहे."

"म्हणजे बडबड करणार," मादाम म्हणाल्या. त्यांनी ताटली थोडी पुढे सरकवली. "तिला सांगून ठेव, मला सकाळी बोललेलं आवडत नाही. आणि जिन्यातला दिवा तिसऱ्या मजल्यावर लागत नाही, ते सांग. पडेल नाहीतर, आणि मग मलाच लिहावं लागेल."

लामाराने हे सगळं डायरीत उतरवून घेतलं. मग ताटली धुतली, पुसली, फडकं वाळत घातलं आणि कोट चढवला. मादाम खुर्चीतून उठल्या नाहीत. उठवायला कुणीतरी लागलं असतं, आणि वेळ संपली होती. खाली उतरायला चार मजले होते, आणि पुढचं घर शहराच्या दुसऱ्या टेकडीवर, पाचव्या मजल्यावर.